मेल सर्व्हरचे कॉन्फिगरेशन बदलले, हे कळणार कसे?

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या ‘मेन डॉट सीएफ’ नावाच्या मुख्य फाइलमध्ये ‘ऑलवेज बीसीसी’ असे एक सेटिंग लिहिता येते. त्याच्यापुढे एखादा ईमेल पत्ता दिला, की त्या सर्व्हरने स्वीकारलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत त्या पत्त्यावर जाऊ लागते. पाठवणाऱ्याला ते दिसत नाही, ज्याला मेल मिळतो त्यालाही दिसत नाही आणि सर्व मेल पूर्वीसारखेच वेळेवर पोहोचत राहिल्यामुळे तक्रार करण्याचे कारणच कोणाला उरत नाही. ही सोय मुळात पत्रव्यवहार जतन करण्यासाठी दिलेली आहे आणि अनेक संस्था तिचा रीतसर वापरही करतात. मात्र तीच एक ओळ चुकीच्या हाताने लिहिली गेली, तर संस्थेचा संपूर्ण पत्रव्यवहार बाहेर जाऊ लागतो आणि तो किती दिवस जात राहील, हे ती ओळ कोणाच्या तरी नजरेस पडते की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर अवलंबून राहते.

हे टोकाचे उदाहरण वाटत असल्यास एक साधे उदाहरण घेऊ. ‘मायनेटवर्क्स’ या सेटिंगमध्ये कोणत्या पत्त्यांवरील यंत्रे आपली समजावीत, त्याची यादी असते. या यादीतील यंत्रांना ओळख न पटवता या सर्व्हरमार्फत जगात कोठेही मेल पाठवता येतो. नवे यंत्र जोडताना घाईत कोणी या यादीत गरजेपेक्षा फार मोठा पट्टा लिहिला, तर सर्व्हर अनोळखी माणसांचेही मेल पुढे ढकलू लागतो. यालाच ओपन रिले म्हणतात. स्पॅम पाठवणारे अशा सर्व्हरच्या शोधातच असतात. मग सर्व्हरचा पत्ता काळ्या याद्यांमध्ये जातो आणि संस्थेचे खरे मेलही इतरांकडून नाकारले जाऊ लागतात. येथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तरी नुकसान खरे आहे.

कॉन्फिगरेशनमधील बदल साधारणपणे तीन वाटांनी येतात. व्यवस्थापक जाणूनबुजून बदल करतो, सॉफ्टवेअर अद्ययावत होताना काही बदलते, किंवा बाहेरचा कोणी आत शिरून बदल करतो. यंत्राच्या दृष्टीने हे तिन्ही बदल सारखेच असतात. म्हणून इशाऱ्याच्या व्यवस्थेकडून हेतू ओळखण्याची अपेक्षा करू नये. काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणाच्या लॉगिनमधून बदलले, एवढे तिने बिनचूक सांगावे आणि निर्णय माणसावर सोडावा. अशी व्यवस्था उभारणे फारसे अवघड नाही. ती ऐन वेळी उपयोगी पडावी अशी उभारणे मात्र विचाराचे काम आहे, कारण येथे ज्या साधनाने बातमी पाठवायची, तेच साधन बिघडल्याची ती बातमी असते.

नजर कशावर ठेवायची

पोस्टफिक्समध्ये ‘मेन डॉट सीएफ’ आणि ‘मास्टर डॉट सीएफ’ या दोन फाइली सर्वांनाच आठवतात. त्यांच्यासोबत ज्या तक्त्यांच्या फाइली असतात, त्या विसरल्या जातात. कोणत्या नावाने आलेला मेल कोणाकडे जावा, हे एलियसच्या तक्त्यात असते, तर कोणत्या डोमेनचा मेल कोणत्या यंत्राकडे पाठवावा, हे ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात असते. एका पत्त्याचा मेल दुसरीकडे वळवायचा असेल, तर मुख्य फाइलला हातही लावावा लागत नाही. तक्त्यातील एक ओळ पुरते. शिवाय असे अनेक तक्ते लिहिलेल्या स्वरूपात वाचले जात नाहीत. त्यांच्यापासून बनवलेली डेटाबेस फाइल सर्व्हर वाचतो. त्यामुळे मजकुराची फाइल जशीच्या तशी दिसत असताना डेटाबेस फाइल वेगळी असू शकते आणि नजर दोन्हींवर ठेवावी लागते.

मेलबॉक्स उघडून देण्याचे काम बहुतेक ठिकाणी डव्हकॉट हा वेगळा प्रोग्राम करतो. त्याचे कॉन्फिगरेशन आणि सर्व खात्यांना लागू होणारी सीव्ह स्क्रिप्टही या यादीत हवी, कारण मेल आल्यावर तो कोठे ठेवायचा, कोणाला पाठवायचा किंवा टाकून द्यायचा, हे ती स्क्रिप्ट ठरवते. मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे, हे दाखवणाऱ्या डीकेआयएम सहीची खासगी किल्ली, जोडणी सुरक्षित करणारी टीएलएस प्रमाणपत्रे आणि स्वतः नजर ठेवणारी स्क्रिप्ट यांचाही समावेश करावा. शेवटची गोष्ट वरवर अनावश्यक वाटते. परंतु आत शिरलेला जाणकार माणूस सर्वप्रथम पहारा बंद करतो.

मेल सर्व्हरचे अर्धे कॉन्फिगरेशन त्या सर्व्हरवर नसतेच, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच अनेक व्यवस्थांमधून सुटलेला असतो. डोमेनचा मेल कोणत्या यंत्राकडे यावा, हे डीएनएसमधील, म्हणजे डोमेनच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीतील, एमएक्स नोंद सांगते. त्या डोमेनच्या नावाने कोणी मेल पाठवावा, हे एसपीएफ नोंद सांगते. डीकेआयएमची सार्वजनिक किल्ली तेथेच असते आणि तपासणीत न बसलेल्या मेलचे काय करावे, हे डीमार्क नोंद सांगते. या नोंदी डोमेनच्या खात्यातून बदलल्या जातात. एमएक्स बदलली, तर सर्व्हरवरील एकाही फाइलला धक्का न लागता येणारा सर्व मेल दुसऱ्याच यंत्राकडे जाऊ लागतो. एसपीएफच्या बाबतीत आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. २०१४ मध्ये ठरलेल्या मानकानुसार, ही नोंद तपासताना डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० शोध घेता येतात. कोणीतरी आणखी एका सेवेचे नाव चांगल्या हेतूने जोडले आणि ही मर्यादा ओलांडली गेली, तर संपूर्ण नोंदच चुकीची ठरते. म्हणून या चारही नोंदी एखाद्या बाहेरच्या यंत्रावरून दर काही मिनिटांनी विचारून घ्याव्यात आणि मान्य केलेल्या प्रतीशी ताडून पाहाव्यात.

फाइल पाहावी की परिणाम

फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, साठवून ठेवायचा आणि तो बदलला की कळवायचे, ही सर्वांत जुनी पद्धत आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९२ मध्ये जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी तयार केलेले ट्रिपवायर याच तत्त्वावर चालत होते आणि आज मोफत मिळणारे एड हे साधनही त्याच वाटेने जाते. हॅश बदलला म्हणजे फाइल बदलली, हे खात्रीने कळते. परंतु काय बदलले, हे कळत नाही आणि एखाद्या टिपणीतील शुद्धलेखन सुधारले तरी इशारा येतो.

त्यापेक्षा सर्व्हरलाच विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. पोस्टफिक्समध्ये ‘पोस्टकॉन्फ डॅश एन’ ही कमांड दिली, की मुख्य फाइलमध्ये स्पष्टपणे लिहिलेली सर्व सेटिंग्ज टिपण्या वगळून एकेका ओळीत मिळतात. मुख्य फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा लिहिले असेल, तर पोस्टफिक्स शेवटचे मानतो. माणसाची नजर मात्र वरच्या ओळीवर थांबण्याचा संभव असतो. कमांड जे लागू आहे तेच दाखवते. पण ही एकच कमांड पुरत नाही. ‘मास्टर डॉट सीएफ’मध्ये एखाद्या सेवेपुरते मुख्य फाइलमधील सेटिंग बदलता येते आणि तो बदल ‘डॅश एन’मध्ये दिसत नाही. त्यासाठी कॅपिटल अक्षरांतील ‘डॅश एम’ आणि ‘डॅश पी’ हे पर्याय आहेत. तिन्ही कमांडचे उत्तर एकत्र करून ठेवले, तरच चित्र पूर्ण होते. डव्हकॉटसाठी ‘डव्हकॉन्फ डॅश एन’ आहे आणि ते उत्तर देताना पासवर्ड आपणहून झाकते, ही चांगली गोष्ट आहे.

एक उणीव तरीही राहते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की काही सेटिंग्जचे मूळ मूल्य बदलू शकते आणि आपण ते फाइलमध्ये लिहिलेलेच नसल्याने ‘डॅश एन’ त्याबद्दल काही सांगत नाही. ही अडचण ओळखूनच पोस्टफिक्सने २०१५ मध्ये ३.० या आवृत्तीपासून सुसंगततेची पातळी सांगणारे एक सेटिंग आणले. जुनी पातळी लिहिलेली असेल, तर काही बाबतीत जुनेच मूल्य वापरले जाते आणि लॉगमध्ये तशी नोंद होते. कोणताही पर्याय न देता नुसती ‘पोस्टकॉन्फ’ ही कमांड चालवली, तर न लिहिलेल्या सेटिंग्जसह सर्व मूल्ये मिळतात. ती लांबलचक यादी रोज एकदा ताडून पाहावी. दर पाच मिनिटांनी पाहण्याची गरज नाही.

फाइलमधील बदल आणि चालू सर्व्हरमधील बदल यांच्यातील अंतराबद्दलही थोडे सांगायला हवे. सर्व्हर रीलोड केल्याशिवाय, म्हणजे त्याला फाइली पुन्हा वाचायला लावल्याशिवाय, नवे सेटिंग लागू होत नाही, असा अनेकांचा समज असतो. पोस्टफिक्समधील मेल स्वीकारणाऱ्यासारख्या अनेक प्रक्रिया मात्र अल्पायुषी असतात. मूळ सेटिंगनुसार १०० सेकंद काम न मिळाल्यास किंवा १०० वेळा काम केल्यावर त्या संपतात आणि त्यांच्या जागी आलेली नवी प्रक्रिया मुख्य फाइल नव्याने वाचते. म्हणजे कोणी फाइल अर्धवट बदलून दुसऱ्या कामाला लागला, तर रीलोड न करताही तो अर्धवट बदल काही वेळात लागू होऊ लागतो. इशारा लवकर यावा, याचे हे एक ठोस कारण आहे.

लगेच कळावे, आणि कोणी केले तेही

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००५ पासून आयनोटिफाय ही सोय आहे. एखाद्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये हालचाल झाली, की ती त्याच क्षणी कळवते. येथे एक फसगत ठरलेली आहे. बरेच एडिटर जुन्या फाइलमध्ये लिहीत नाहीत. ते नवी फाइल तयार करून तिला जुन्या फाइलचे नाव देतात आणि ‘पोस्टकॉन्फ’ स्वतः सेटिंग बदलतानाही हेच करते. नजर फक्त त्या फाइलवर लावलेली असेल, तर ती जुन्या, आता नाहीशा झालेल्या फाइलला चिकटून राहते. पहिला बदल कळतो आणि त्यानंतरचे कळत नाहीत. म्हणून नजर नेहमी फोल्डरवर लावावी आणि एडिटरच्या तात्पुरत्या फाइली गाळून टाकाव्यात.

आयनोटिफाय काय घडले ते सांगते, पण कोणी केले ते सांगत नाही. त्यासाठी लिनक्सची ऑडिट व्यवस्था वापरावी लागते. पोस्टफिक्सच्या फोल्डरमधील लिखाण आणि गुणधर्मातील बदल यांवर नजर ठेवणारा एक नियम लिहिला, की प्रत्येक घटनेसोबत लॉगिनच्या वेळी मिळालेली मूळ ओळखही नोंदवली जाते. माणसाने नंतर सूडो ही कमांड वापरून रूटचे, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च खात्याचे, अधिकार घेतले, तरी ही मूळ ओळख टिकून राहते. अर्थात सर्वजण थेट रूट म्हणूनच लॉगिन करत असतील, तर सर्व नोंदींवर रूटचेच नाव येईल. त्यामुळे प्रत्येकाचे वेगळे खाते असणे ही या व्यवस्थेची पूर्वअट आहे. ऑडिटच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहाव्यात, कारण ज्याच्याकडे रूटचे अधिकार आहेत, तो त्या पुसूही शकतो.

या दोन्ही सोयी वापरल्या, तरी ठरावीक वेळाने होणारी तुलना सोडू नये. क्षणोक्षणी पाहणारा प्रोग्राम बंद पडलेला असताना झालेला बदल त्याला पुन्हा कधीच दिसत नाही; तुलना मात्र पुढच्या फेरीत तो पकडते. दोन्हींपैकी एकच शक्य असेल, तर मी तुलनाच निवडीन.

तुलना कशाशी करायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पुष्कळ स्क्रिप्ट मागच्या फेरीत जे दिसले त्याच्याशी आताची स्थिती ताडतात. मग बदल झाल्यावर एकदाच मेल येतो आणि पुढच्या फेरीपासून बदललेली स्थिती हीच नेहमीची स्थिती ठरते. तो एक मेल कोणी वाचला नाही, तर बदल कायमचा पचून जातो. याउलट, माणसाने पाहून मान्य केलेली एक प्रत ठेवावी आणि प्रत्येक वेळी तिच्याशीच ताडावे. फरक मिटेपर्यंत, किंवा नवी स्थिती कोणी मान्य करेपर्यंत, इशारा येत राहतो. पहिला लगेच आणि त्यानंतरचे दिवसाला एक, एवढे प्रमाण पुरेसे आहे. ही मान्य प्रत गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवली, तर प्रत्येक बदलाचा इतिहास आणि त्यामागील कारण आपोआप जमा होते. यंत्रावरील कॉन्फिगरेशन जेथे असते, त्या ईटीसी फोल्डरसाठी हेच काम करणारे ईटीसीकीपर नावाचे तयार साधनही आहे. ते पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर स्वतःहून नोंद करते. मात्र त्या फोल्डरमध्ये पासवर्ड आणि किल्ल्याही असतात, त्यामुळे हा साठा कोणाला दिसतो, याची काळजी घ्यावी. मान्य प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नये. दुसऱ्या यंत्राने येऊन सेटिंग्ज वाचून न्यावीत आणि तुलना तिकडे करावी.

इशारा कोणत्या वाटेने जावा

आता मूळ अडचणीकडे येऊ. समजा, कोणी ‘रिलेहोस्ट’ या सेटिंगमध्ये चुकीचे नाव लिहिले. बाहेर जाणारा सर्व मेल आता अस्तित्वात नसलेल्या यंत्राकडे निघाला आहे. नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टने बदल अचूक ओळखला, मेल तयार केला आणि तो याच पोस्टफिक्सच्या हाती दिला. तो रांगेत पडून राहतो. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगनुसार असा मेल ५ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला जातो आणि त्यानंतर तो पोहोचला नसल्याचे पत्र पाठवणाऱ्याला जाते, म्हणजे पुन्हा याच सर्व्हरवरील एखाद्या न वाचल्या जाणाऱ्या मेलबॉक्समध्ये. पूल कोसळल्याची बातमी त्याच पुलावरून पाठवण्यासारखे हे आहे. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून, चालणाऱ्या बहुतेक स्क्रिप्टचे हेच होते, कारण क्रॉन आपले उत्तर यंत्रावरच्या मेल व्यवस्थेलाच देतो आणि रूटचा मेल कोणाला जावा, हे ज्या एलियसच्या तक्त्यात लिहिलेले असते, तो तक्ताच बदललेला असू शकतो.

म्हणून इशाऱ्याची वाट पूर्णपणे वेगळी हवी. पाठवणारे खाते दुसऱ्या सेवादात्याकडे, दुसऱ्या डोमेनवर असावे आणि ज्या पत्त्यावर इशारा जातो, तोही या सर्व्हरवर नसावा. स्क्रिप्टने मेल स्थानिक रांगेत न टाकता एमएसएमटीपीसारख्या छोट्या प्रोग्रामच्या साहाय्याने ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, टीएलएस जोडणीत आणि ओळख पटवून, थेट त्या दुसऱ्या सेवेकडे द्यावा. पाठवणाऱ्याचा पत्ता त्या दुसऱ्या डोमेनचाच लिहावा. तेथे नजरेखालील डोमेनचा पत्ता लिहिला, तर एसपीएफ किंवा डीमार्कची नोंद बिघडल्याच्या दिवशी इशाऱ्याचा मेलही त्याच बिघाडामुळे नाकारला जाईल किंवा स्पॅममध्ये जाईल. या खात्याचा पासवर्ड कोठे तरी ठेवावा लागतो. तुलना करणारे यंत्र वेगळे असेल, तर तो तेथे राहतो आणि मेल सर्व्हरवर शिरलेल्या माणसाच्या हाती लागत नाही.

मेलखेरीज दुसरे माध्यमही जोडावे का? अगदी मोजक्या बाबींसाठी जोडावे, असे माझे मत आहे. रिलेची परवानगी, मेलची प्रत वळवणारी सेटिंग्ज, एमएक्स नोंद आणि पहारा देणाऱ्या स्क्रिप्टमधील बदल या गोष्टींसाठी एसएमएस किंवा फोनवर येणारा संदेश योग्य ठरतो. बाकीच्यांसाठी मेल पुरे.

यानंतर राहतो तो शांततेचा प्रश्न. आठवडाभर एकही इशारा आला नाही, तर काहीच बदलले नाही, की पहारेकरीच बंद पडला आहे? केवळ शांततेवरून हे सांगता येत नाही. काही जण यावर रोज ‘सर्व ठीक’ असा मेल पाठवण्याचा उपाय करतात. माणूस असे मेल थोड्याच दिवसांत वाचेनासा होतो आणि एखाद्या दिवशी तो आला नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. न आलेली गोष्ट मोजण्याचे काम यंत्राकडे द्यावे. प्रत्येक यशस्वी फेरीनंतर स्क्रिप्टने बाहेरच्या एका सेवेला छोटीशी खूण पाठवावी आणि ठरलेल्या वेळेत खूण आली नाही, तर त्या सेवेने इशारा द्यावा. फेरी दर ५ मिनिटांनी होत असेल, तर १५ मिनिटांची सवलत देणे वाजवी आहे.

मेलमध्ये काय लिहावे

‘कॉन्फिगरेशन बदलले आहे’ एवढेच सांगणारा मेल वाचणाऱ्यावर सर्व शोधकाम टाकतो आणि म्हणून तो उद्यावर ढकलला जातो. फोनच्या छोट्या पडद्यावरही निर्णय घेता येईल, इतके मेलमध्ये असावे. उदाहरणार्थ:

विषय: [तातडीचे] मेल-१ : मायनेटवर्क्स बदलले
बदल दिसला: १४:०५ यूटीसी (१४:०० च्या फेरीत बदल नव्हता)
लॉगिन: ऑपरेटर-२, सूडो वापरून
− मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८
+ मायनेटवर्क्स = ०.०.०.०/०
अर्थ: आता कोणत्याही पत्त्यावरून आलेला मेल हा सर्व्हर बाहेर पाठवू शकतो.
नियोजित कामाची नोंद: सापडली नाही.

वजाचे चिन्ह असलेली ओळ जुनी आणि अधिकचे चिन्ह असलेली ओळ नवी, ही डिफ कमांडची सर्वपरिचित पद्धत आहे. ‘अर्थ’ ही ओळ मात्र आपण जोडायची. वीस-पंचवीस महत्त्वाच्या सेटिंग्जसाठी एकेक वाक्य आधीच लिहून ठेवले, तर रात्री उठवला गेलेला, पोस्टफिक्सची फारशी माहिती नसलेला सहकारीही गांभीर्य ओळखू शकतो. सेटिंगच्या नावावरून तातडी ठरवणेही त्याच यादीतून जमते. जोडणी होताच सर्व्हर दाखवतो त्या स्वागताच्या ओळीतील बदल आणि रिलेच्या परवानगीतील बदल यांना एकाच आवाजात ओरडू देऊ नये.

डिफ पाठवताना गुपिते बाहेर जाणार नाहीत, हे पाहावे. डेटाबेसशी जोडणाऱ्या तक्त्यांच्या फाइलींमध्ये पासवर्ड उघडपणे लिहिलेला असतो. पुढच्या सर्व्हरकडे ओळख पटवण्याच्या तक्त्यातही तो असतो. अशा फाइलींच्या आणि सर्व खासगी किल्ल्यांच्या बाबतीत फक्त ‘बदल झाला’ एवढे आणि जुना-नवा हॅश पाठवावा. मजकूर पाठवू नये.

मेल कोणाला जावा, याबद्दल एक सवय टाळावी, असे सुचवतो. अनेक जण हे इशारे पोस्टमास्टरच्या पत्त्यावर लावतात. प्रत्येक मेल डोमेनने पोस्टमास्टरच्या नावाने आलेला मेल स्वीकारावा, असा एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या मानक पद्धतीचा नियम आहे आणि म्हणूनच तो मेलबॉक्स न पोहोचलेल्या मेलच्या पत्रांनी आणि स्पॅमने भरलेला असतो. इशाऱ्यांसाठी वेगळा पत्ता करावा आणि तो किमान दोघांकडे जाईल असे पाहावे. बदल करणाऱ्याने स्वतःच्याच बदलाला मान्यता देऊ नये, हा नियम दोन माणसांच्या गटातही पाळता येतो. व्यवस्थापक एकच असेल, तर मेलची प्रत तांत्रिक नसलेल्या, पण जबाबदार अशा एखाद्या व्यक्तीला जावी.

इशारे फार येऊ लागले, की ते वाचले जात नाहीत आणि ही व्यवस्था मोडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेची प्रमाणपत्रे थोड्या थोड्या काळाने आपोआप बदलतात. त्यांच्यासाठी ‘बदलले’ असे कळवण्याऐवजी नवे प्रमाणपत्र योग्य नावाचे आहे का आणि त्याची मुदत पुरेशी आहे का, एवढे तपासावे. एकाच कामात पाच फाइली बदलल्या, तर दोन मिनिटे थांबून एकच मेल पाठवावा. नियोजित कामाच्या वेळी इशारे बंद करण्याचा मोह होतो, तो आवरावा. घुसखोराला आणि चुकीला तीच वेळ सोयीची असते. इशारा येऊ द्यावा आणि त्यात कामाची नोंद जोडलेली असावी.

सर्व्हर स्वतःचा नसेल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस यांसारख्या सेवांमध्ये फाइली हाती नसतात, पण प्रशासकाने केलेल्या बदलांचा ऑडिट लॉग मिळतो आणि त्यावर इशारे लावता येतात. संस्थेने स्वतः चालवलेल्या एक्सचेंज सर्व्हरमध्येही असा लॉग असतो. मूळ सेटिंगनुसार तो ९० दिवस राहतो आणि त्यात केवळ माहिती वाचणाऱ्या कमांड न येता बदल करणाऱ्या कमांड येतात. या सेवांमध्ये बाहेर मेल वळवणारे नियम, नवे प्रशासक आणि सर्व संस्थेला लागू होणारे मेलप्रवाहाचे नियम, या तीन गोष्टींवर आधी इशारे लावावेत. येथेही तीच अडचण समोर येते. इशारा प्रशासकाच्या त्याच सेवेतील मेलबॉक्समध्ये जातो आणि ते खाते दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर एक छोटासा नियम लिहून तो इशारा येताच पुसून टाकता येतो. सेवा परवानगी देत असेल, तर बाहेरचा पत्ता जरूर जोडावा.

चाचणी, आणि इशारा आल्यानंतर

व्यवस्था उभी राहिली, की तिची खरी चाचणी घ्यावी. स्वागताच्या ओळीसारखे निरुपद्रवी सेटिंग बदलून मेल किती वेळात येतो ते पाहावे. त्यानंतर पोस्टफिक्स पूर्ण बंद करून पुन्हा एक बदल करावा. या वेळी मेल आला नाही, तर वाट वेगळी झालेली नाही, असे समजावे. शेवटी पहाऱ्याची स्क्रिप्टच थांबवावी आणि खूण चुकल्याचा इशारा येतो का ते पाहावे. प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर या तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात.

अनोळखी बदलाचा इशारा खरोखरच आला, तर लगेच जुनी फाइल परत ठेवण्याची घाई करू नये. आधी बदललेल्या स्थितीची, लॉगची आणि रांगेची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी, कारण पुढचा शोध त्यांवरच चालतो. मेल बाहेर जात असल्याची शंका असेल, तर पोस्टफिक्समध्ये ‘पोस्टसुपर’ या कमांडने रांगेतील सर्व मेल रोखून धरता येतात. ते हरवत नाहीत. मात्र ही कमांड त्या क्षणी रांगेत असलेल्या मेललाच लागू होते, त्यामुळे नवे मेल येणेही थांबवावे लागते. त्यानंतर नोंदीत ज्याचे लॉगिन दिसते, त्याला मेलने न विचारता फोन करून विचारावे. त्याने बदल केलेला नसेल, तर ते खाते बंद करावे आणि एकाच बदलावर न थांबता तक्ते, सीव्ह स्क्रिप्ट आणि डीएनएसच्या नोंदी मान्य प्रतीशी पुन्हा ताडून पाहाव्यात. हे सर्व होईपर्यंत नवी स्थिती मान्य प्रत म्हणून नोंदवू नये आणि येत राहणारा इशारा बंद करू नये.